खिडकीपर्यंत आलेली दोरी

"हात सैल सोड गो बाय," कासारीण म्हणाली आणि माझी बोटं दुमडून तिने हिरवी बांगडी पुढे सारली. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडली. तिने हात फिरवून पाहिला, दाबून पाहिला, पुन्हा सारून पाहिली. मी कळवळले तशी तिने बांगडी काढून घेतली आणि द्वारकामावशीकडे बघितलं. "हिचं माप वाढलं. शिमग्याच्या आधी याच मापाची बांगडी सळसळत गेली होती."

ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या मावशीने सूप बाजूला ठेवलं. बातमी बसून ऐकण्यासारखी नव्हती. ती उठली, बांगडी उजेडात धरली, माझ्या मनगटाकडे पाहिलं, गालांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"मोठं माप काढ," ती कासारणीला म्हणाली. "आणि ही मला राहू दे."

ती न चढलेली बांगडी मावशीने माजघराच्या खिडकीजवळ खुंटीला अडकवली. संध्याकाळपर्यंत पाणी न्यायला आलेली, विरजण मागायला आलेली, नुसती वाटेने चाललेली, जी कोणी बाई सापडेल तिला आत बोलावून मावशीने आधी बांगडी दाखवली आणि मग मला दाखवली. "टायफॉइडातून उठून आली तेव्हा हाडं मोजून घ्या अशी होती. आता बघा. गाल बघा." बायका माझे गाल बघत. एकीने तर ओढूनही बघितले. सगळ्यांचं एकमत झालं की द्वारकेच्या हाताला गुण आहे.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. आमचं घर बेळगावात. थंडीत टायफॉइडने मला पार निपटून काढलं, शाळेचं वर्ष बुडालं, तेव्हा आईने मला वेंगुर्ल्याच्या आतल्या अंगाला असलेल्या या गावी तिच्या थोरल्या बहिणीकडे पाठवलं. अंगावर मांस चढवून परत पाठव, एवढंच आईचं सांगणं होतं. मावशीला मूलबाळ नव्हतं. मांस चढवण्याचं काम तिने एखादं व्रत घ्यावं तसं घेतलं. सकाळी तूप घातलेली मऊ पेज, दुपारी सांदण, मधल्या वेळी नारळाच्या दुधातल्या शेवया आणि पित्त होऊ नये म्हणून दोन्ही वेळेला कोकमाचं आगळ घातलेलं सार.

मावशीचं घर राममंदिराच्या अंगणाला लागूनच होतं. आमच्या खिडकीतून थेट सभामंडपाचे खांब दिसत. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत तिथे रोज कीर्तन असे आणि शेवटच्या दिवशी भर दुपारी रामजन्माचं. जन्म झाला की पाळण्याची दोरी ओढत पाळणा म्हणायचा मान एका मुलीचा. अंगणाभोवतीच्या घरांनी तो मान वाटून घेतलेला होता, दर वर्षी एक घर. मावशीच्या घराची पाळी यापूर्वी दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा तिने ती हसतमुखाने शेजारच्या घराला दिली होती. या वर्षी पुन्हा तिच्या घराची पाळी होती आणि या वर्षी घरात मुलगी होती.

त्यामुळे शिमग्यात माझा घसा धरला तेव्हा मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ताप आला, गिळताना घशात काटे टोचल्यासारखं होई. मावशीने ज्येष्ठमध दिला, हळद दिली, मिठाच्या गुळण्या करवल्या, गळ्याला लोकरी मफलर बांधला. चारपाच दिवसांत घसा मोकळा झाला, आवाज परत आला, मावशीने रामाला नारळ फोडला आणि तो विषय मिटला. निदान आम्हाला तरी तसं वाटलं.

पाडव्याच्या दुपारी सभामंडपात पाळण्याची तालीम होती. कीर्तनकार तळवणेकरबुवा सकाळच्या एसटीने येऊन दाखल झाले होते. उंचेपुरे, पोट सुटलेले, आवाज असा की मंडपातल्या घंटा आपोआप गुणगुणाव्यात. पेटीवर डॉक्टर झांट्ये होते. गावचे डॉक्टर तेच आणि उत्सवातले पेटीवालेही तेच. त्या नऊ दिवसांत रोग्यांना त्यांना शोधायला दवाखान्यात जावं लागत नसे, सगळा गाव त्यांना मंडपातच गाठून जीभ दाखवी.

डॉक्टरांनी सूर दिला. मी तोंड उघडलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली आणि पेटी थांबली. डॉक्टरांनी भाता मिटला, बोटाने मला जवळ बोलावलं.

"डोळे असे का झालेत तुझे?"

"कसे?"

"झोपेतून उठल्यासारखे."

मागे बसलेली मावशी कौतुकाने म्हणाली की डोळे बारीक झाले नाहीत, गाल वर आलेत. डॉक्टरांनी मला पायरीवर बसवलं, परकर गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितला, नडगीवर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. अंगठा काढला तेव्हा मोदकाच्या उकडीत बोट रुतावं तसा तिथे खळगा पडलेला होता. तो भरून यायची आम्ही सगळे वाट बघत राहिलो. तो तसाच राहिला.

"लघवी कशी होते?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी लाजून मावशीकडे बघितलं. मला ते दोन दिवसांपूर्वीच दिसलं होतं आणि मी मावशीला सांगितलंही होतं. मावशीने तेव्हा जे उत्तर मला दिलं होतं तेच तिने आता डॉक्टरांना दिलं: "लालसर होते. सार पिते ना दोन वेळा. माझ्या आगळाचा रंगच तसा आहे, कपड्यावर पडला तर धुऊन जात नाही."

डॉक्टरांनी भात्याचा खटका लावला आणि ते उठले. "वहिनी," ते म्हणाले, "हिला घरी नेऊन आडवी करा. मी येतोच. आणि येताना त्या साराचं भांडं तयार ठेवा."

ते आले ते स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या दोन नळ्या घेऊन. भिकाजीकाका, म्हणजे मावशीचे यजमान, दुकान बंद करून आले होते आणि दाराशी उभे होते. काका बोलत फार कमी. सुंभ, खिळे, कंदिलाच्या काचा असल्या जिनसांचं त्यांचं दुकान होतं आणि तिथेही गिऱ्हाईकच जास्त बोले. डॉक्टरांनी एका नळीत मावशीचं सार ओतलं, दुसरीत माझी लघवी, आणि दोन्ही नळ्या मावशीच्या नाकासमोर धरल्या. रंगात खरंच फारसा फरक नव्हता. मावशीने जिंकल्यासारखं काकांकडे बघितलं.

मग त्यांनी नळ्या आळीपाळीने दिव्यावर धरल्या. साराला उकळी आली आणि ते तसंच लालचुटूक, नितळ राहिलं. दुसऱ्या नळीतलं पाणी वरून गढूळ होऊ लागलं, मग पांढरं, मग दूध नासावं तसं फुटून त्याचे गठ्ठे झाले.

मावशी त्या नळीकडे बघत राहिली. तिने आयुष्यभर चुलीवर हजार पदार्थ फुटताना पाहिले असतील. हा पाहून ती खाली बसली.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. मूत्रपिंडांना सूज आलेली आहे. शिमग्यातला घसा बरा झाला, पण घशातल्या जंतूंशी लढताना शरीराने जे दारूगोळ्यासारखं तयार केलं तेच जाऊन मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांत अडकलं. गाळणीच सुजली, त्यामुळे रक्त आणि अंगातलं सत्त्व खाली गळतंय आणि जे पाणी बाहेर जायचं ते अंगात साठतंय. मांस वगैरे काही चढलेलं नाही. चढलंय ते पाणी. त्यांनी माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, हवा भरली, कानाला नळी लावून ऐकलं आणि पुन्हा एकदा ऐकलं. घशात जंतू उरले असतील तर म्हणून इंजेक्शन दिलं. मग हुकूम सोडले: अंथरुणातून उठायचं नाही, पाणी ते सांगतील तेवढंच, आणि मीठ बंद. अजिबात बंद.

"आणि पाळणा?" मी विचारलं.

डॉक्टर खुंटीवरच्या बांगडीकडे बघत होते. ती तिथे का टांगली आहे हे त्यांना काकांनी सांगितलं असावं. "ती बांगडी ज्या दिवशी तुझ्या हातात चढेल," ते म्हणाले, "त्या दिवशी तू मंडपात जायचंस."

"रामनवमीच्या आत?"

"ते तुझ्या हातावर आहे. आणि वहिनी, साबण लावायचा नाही. तेलही नाही."

मावशीने मान डोलावली. आदल्या दिवशी जी बांगडी चढली नाही म्हणून गावभर मिरवली होती, ती चढावी म्हणून आता तिने रामाला नवस बोलला.

पुढचे दोनतीन दिवस वाईट गेले. माझं डोकं फुटेलसं दुखे, खाल्लेलं पोटात ठरेना, एका दिवसात तर लघवी झाली ती वाटीचा तळ झाकण्यापुरती. डॉक्टर सकाळी येत, दुपारी येत, कीर्तनाआधी पेटीवर बसायला जाताना येत आणि दर वेळी तो पट्टा बांधत. आकडा ते मला सांगत नसत, पण कुठलीतरी चाल गुणगुणत पट्टा सोडू लागले की बरं चाललंय आणि गप्प राहिले की नाही, एवढं मला कळू लागलं होतं. त्या दिवशी ते गप्प होते. त्यांनी काकांना बाजूला घेऊन सावंतवाडीच्या इस्पितळात न्यायला गाडी सांगून ठेवायला सांगितली. असंच राहिलं तर मुलीला फीट येऊ शकते, हे वाक्य मला भिंतीआडून ऐकू आलं.

मावशीलाही ऐकू आलं. ती माझ्या पायाशी बसून होती, तशीच उठून ओटीवर गेली. "डॉक्टर, मला खरं सांगा. मी माझ्या बहिणीला तिची पोर परत देणार ना?"

"देणार," डॉक्टर म्हणाले. "पण रोड करून."

मावशी पदर तोंडाला लावून रडली की हसली हे मला भिंतीतून कळलं नाही. दोन्ही असावं.

गाडीची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी लघवीवाटे अंगातलं पाणी सुटायला लागलं आणि डॉक्टर पट्टा सोडताना भूप गुणगुणले. पण आता नवीन संकट उभं राहिलं ते माझ्या जिभेचं. डोकं दुखायचं थांबलं तशी भूक लागली आणि भुकेसमोर आलं ते अळणी. अळणी भात, अळणी वरण, अळणी भोपळा. आणि हे कुठे, तर ज्या घरात चैत्रातलं सगळं मीठकाम चाललेलं. अंगणात वाळत घातलेले पापड, परसात फणसाचे सांडगे, माजघरात खारात मुरणाऱ्या कैऱ्यांच्या बरण्या, आणि वारा सगळा माझ्या खिडकीकडे. मी दोन घास खाई आणि ताट सरकवी. मावशी विनवी, रागावे, शेवटी ताट तसंच उचलून नेई आणि स्वयंपाकघरात भांडी उगाच आपटे. हिच्या अंगावर काही चढवू नका म्हणतात आणि ही काही खात नाही, मग राहणार काय, असं ती काकांना विचारताना मी ऐकलं.

अशाच एका दुपारी बुवा जेवायला आमच्याकडे होते. उत्सवात बुवांना रोज एकेका घरचं आमंत्रण असे. ते आले, हातपाय धुतले आणि पानावर बसण्याआधी माझ्या खाटेशी आले. त्यांच्या हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट होतं.

"हे काय आहे ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक होतं. तो रामाचा नैवेद्य. उत्सवात नऊही दिवस देवापुढचं पान कीर्तनकाराला मिळे. तो मोठा मान होता.

"खाऊन बघितला आहेस कधी?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो मान कीर्तनकाराशिवाय कुणालाच नव्हता.

बुवांनी मागे वळून मावशी ऐकत नाही ना हे पाहिलं, खाटेच्या कडेवर बसले (खाट कुरकुरली) आणि जो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचे तो अगदी माझ्या उशीएवढा लहान केला. "अळणी असतो. ठार अळणी. या गावच्या रामाला मीठ चालत नाही. कोणी ही चाल घातली, का घातली, पुजाऱ्यालाही सांगता येत नाही. मी दर वर्षी येतो, रामाची कथा सांगतो, लोक रडतात, हसतात, आणि मग माझ्यापुढे हे पान येतं. प्रसाद टाकता येत नाही. मी डोळे मिटून खातो आणि पुढच्या घरी जाऊन लोणच्यावर तुटून पडतो. आता तू मला सांग, तुझं आणि माझं दुखणं वेगळं आहे का?"

मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन, कारण मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आपण अदलाबदल करू," बुवा म्हणाले. "रामाचं पान तुझं. तुझ्या मावशीचं मीठ माझं. देवाघरचा मान मी माझ्या खुशीने तुला देतोय, तेव्हा कोणी काही बोलणार नाही. पण घेतलास तर पूर्ण घ्यायचा. मान अर्धा ठेवून उठता येत नाही."

मी ताटावरचं पान उचललं. तोच भात, तेच वरण, तोच भोपळा, जो मी सकाळी सरकवला होता. पण त्यावर तुळशीचं पान होतं. रामाने जे चवीची तक्रार न करता खाल्लं ते मी पण खाल्लं. चव मिठाने येते म्हणतात, माझा अनुभव वेगळा आहे. बाजूलाच पाटावर बसून बुवांनी मावशीचं खारातलं लोणचं, पापड, सांडगे आणि सोलकढी यांचा असा समाचार घेतला की मावशीला पुन्हा एकदा आपल्या हाताला गुण आहे असं वाटू लागलं. त्या दिवसापासून रोज देवळातून माझ्यासाठी पान येऊ लागलं. दुपारच्या फेरीत डॉक्टर ते तपासत आणि त्यातलं केळं तेवढं काढून बुवांकडे परत पाठवत, सुजलेल्या मूत्रपिंडाला ते सोसत नाही म्हणून. बुवा म्हणत, केळ्यापुरता का होईना, माझा मान शाबूत आहे.

आणि कीर्तन. ते मला खिडकीतून येई. दिवेलागणीला झांज वाजे, बुवा नमन लावत, आणि मी उशीला पाठ टेकून अंधारत्या छताकडे बघत सगळी अयोध्या त्या छतावर बांधी. बुवांना माझी खिडकी कुठे आहे हे माहीत होतं. कैकेयी रुसली तेव्हा ते मुद्दाम माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले की रुसणाऱ्या बायांनी ताट सरकवलं की राज्यं बुडतात, आणि सगळा मंडप आमच्या घराकडे बघून हसला. मी एकटीच अंथरुणात तोंडावर चादर घेतली. आजवर मी किती कीर्तनं ऐकली असतील त्याला सुमार नाही, पण ज्या कीर्तनकाराला मी दिसत नव्हते त्याने माझ्याशी बोलावं, हे सुख पुन्हा मिळालं नाही.

दरम्यान एके सकाळी डॉक्टर पट्टा सोडत असताना काकांनी त्यांना एक प्रश्न विचारला. काकांनी विचारला म्हणून सगळ्यांनी ऐकला. हे दुखणं असं आमच्याच घरात कसं काय आलं?

"तुमच्याच कशाला," डॉक्टर म्हणाले. "जगभर आहे. जिथे एका चटईवर चार पोरं झोपतात, जिथे खरजेचे फोड चिघळतात, जिथे दुखरा घसा चार दिवसांत आपोआप बरा होतो म्हणून कुणी बघत नाही, तिथे सगळीकडे आहे. बहुतेक पोरं नीट सांभाळली तर खडखडीत बरी होतात. काही जन्माची दुबळी मूत्रपिंडं घेऊन बसतात, काही जातात. किती, ते कुणाला धड माहीत नाही. श्रीमंत देश आपली पोरं मोजतात. बाकीच्यांची पोरं बाळसं धरली म्हणून मोजली जातात."

मावशी पाणी मापून फुलपात्रात ओतत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे जगात माझ्यासारख्या पुष्कळ मावश्या आहेत?"

"पुष्कळ," डॉक्टर म्हणाले. "आणि सगळ्या प्रेमाने खाऊ घालतायत."

मावशीने फुलपात्र खाली ठेवलं. मग तिने मला तोंड उघडायला लावून, खिडकीच्या उजेडात माझा घसा आतपर्यंत बघितला. घसा दिसायला कसा असतो हे तिने डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं, लाल किती चालतो आणि पांढरे ठिपके कुठे येतात, सगळं.

रामनवमी उजाडली. सूज पुष्कळ उतरली होती. डोळे उघडे दिसत होते, पायावरचा खळगा भरभर भरत होता. मावशीने न्हाऊमाखू न घालता ओल्या फडक्याने मला पुसलं, वेणी घातली, खुंटीवरची बांगडी काढली. डॉक्टर, काका, आणि जन्माच्या कीर्तनासाठी पगडी घालून तयार झालेले बुवा, सगळे खाटेभोवती उभे राहिले. मी बोटं दुमडली. बांगडी पेरं ओलांडून गेली. अंगठ्याच्या मुळाशी आली. मावशीने हळूच दाबलं, फिरवलं, आणखी दाबलं.

बांगडी अडली.

फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर राहिलं असेल. मावशीने डॉक्टरांकडे बघितलं. साबणाची वडी परसात, दहा पावलांवर होती आणि सगळ्यांच्या मनात तीच होती. डॉक्टरांनी पट्टा बांधला, ऐकलं, सोडला. गुणगुणले नाहीत, पण गप्पही नव्हते. "उतरतंय," ते म्हणाले. "पण आज उभं राहून गर्दीत, उन्हात गाणं नाही. आणखी काही दिवस. ठरलं होतं ते ठरलं होतं."

मी रडले नाही. मला वाटतं मी खिडकीतून पाळण्याकडे बघत होते. मंडपाच्या मध्यावर तो टांगलेला होता, झेंडूच्या माळा, चारी कोपऱ्यांना घुंगरं. मावशी म्हणाली, "शेजारच्या सुलूला सांगा." हसत म्हणाली, आधी दोनदा म्हणाली असेल तशीच. ते हसू बघून बुवांनी पगडी काढून हातात घेतली.

तेवढ्यात काका बाहेर गेले. थोड्या वेळाने ते परत आले ते खांद्यावर सुंभाचं एक नवंकोरं भेंडोळं टाकून. खिडकीपाशी येऊन त्यांनी त्याचं एक टोक गजातून आत घेतलं, माझ्या खाटेवर ठेवलं आणि उरलेलं भेंडोळं सोडत सोडत अंगण ओलांडून मंडपाकडे निघाले.

बुवा बघत राहिले आणि मग त्यांना कळलं. "डॉक्टर," ते म्हणाले, "आडवं पडून दोरी ओढायला तुमची हरकत?"

डॉक्टरांनी सुंभ बोटांत धरून पाहिला. "दोरीत मीठ नसेल तर नाही."

दुपारी जन्माच्या वेळी अंगण फुलून गेलं होतं. सुंभ पाळण्याच्या रेशमी दोरीला बांधलेला होता आणि तिथून अंगणभर लोकांच्या डोक्यांच्या वरून, दोन बांबूंवर तोललेला, थेट माझ्या उशीपर्यंत आला होता. माझा आवाज मंडपापर्यंत जाणार नाही म्हणून मावशीने बायकांना खिडकीपासून मंडपापर्यंत दाटीवाटीने बसवलं. मी ओळ म्हणायची, खिडकीखालच्या बायकांनी ती उचलायची, पुढच्यांना द्यायची. बुवांनी जन्म सांगितला. गुलाल उडाला, शंख वाजला, तोफेसारखे गरनाळ उडाले आणि मग बुवांनी दोन्ही हात वर करून सगळा मंडप शांत केला. पेटीचा सूर एकटाच अंगण ओलांडून आला.

मी दोरी ओढली. काहीच झालं नाही. सुंभातली ढील तेवढी माझ्या हातात आली.

पुन्हा ओढली. सुंभ ताठ झाला, थरथरला, आणि पलीकडे, गर्दीमुळे दिसत नव्हतं पण ऐकू आलं, घुंगरं वाजली.

मी गायले. आवाज कुठे लागला, कुठे कापरा झाला, मला आठवत नाही. माझी ओळ माझ्याकडून निघून दूर जाताना मोठी होत होती एवढं आठवतं. मंडपात पोचेपर्यंत ती शेकडो बायकांची झालेली असे आणि मग घुंगरांचा आवाज परत माझ्याकडे येई. मावशी माझ्या खाटेपाशी उभी होती. तिला बायकांत बसायला जायचं होतं, ती गेली नाही. तिने दोरीला हात लावला नाही. फक्त माझ्या हातामागे तिचा हात धरून ठेवला होता, दोरी सुटलीच तर असावा म्हणून.

बांगडी त्यानंतर लवकरच चढली. आई मला न्यायला आली तेव्हा मी आले होते तेवढीच रोड होते आणि मावशीने मला अभिमानाने तिच्या हवाली केलं.

आता मी साठी ओलांडली. मूत्रपिंडं रामकृपेने अजून नीट चालतात. मध्यंतरी माझ्या नातीला घेऊन गावच्या उत्सवाला गेले. बुवा, डॉक्टर, काका सगळे केव्हाच देवाघरी गेले. मावशी नव्वदीच्या घरात, कमरेत वाकलेली, पण जन्मानंतरचा सुंठवडा अजून तीच वाटते. मी लांबून बघत होते. गावातली मुलं रांगेने तिच्यापुढे येत, आणि गावाला ही चाल इतकी अंगवळणी पडलेली की कुणाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

"आ कर."

मूल आ करी. मावशी त्याला उजेडाकडे वळवी, चष्मा वर करून घसा आतपर्यंत बघे, आणि मगच चिमूटभर सुंठवडा जिभेवर सोडी. एका मुलाच्या वेळी ती थांबली. सुंठवडा दिला, पण त्याच्या आईला बाजूला बोलावून सांगितलं की याला आजच दवाखान्यात ने, उद्या नको. आई लगेच निघाली. तिच्याही घशात मावशीने कधीतरी बघितलं असणार.

माझ्या नातीची पाळी आली. आ केलं, घसा बघितला, सुंठवडा मिळाला. मग मी पुढे झाले. मीही आ केलं. मावशीने मला ओळखलं, घसा बघितला, आणि मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहत राहिली. मी आता चांगलीच गुटगुटीत आहे. तिचे डोळे बारीक झाले.

"पाय दाखव," ती म्हणाली.

भर मंडपात, नातीसमोर, मी पायरीवर बसून साडी वर घेतली. मावशीने तिचा सुरकुतलेला अंगठा माझ्या नडगीवर ठेवला, दाबून धरला, काढला. खळगा पडला नव्हता. तिने पुन्हा एकदा दाबून खात्री करून घेतली आणि मग शेजारी बसलेल्या बायकांकडे वळून, मला दाखवत, गावभर सांगावं अशा आवाजात म्हणाली,

"बघा. हे खरं आहे."